गुडघा मुरगळतो, त्या संध्याकाळी

11 जुलै 2025 ला मोनॅकोत डायमंड लीगची तीन हजार मीटर स्टीपलचेस चालू होती आणि पाण्याच्या अडथळ्यापाशी अविनाश साबळे कोसळला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर सैन्यात गेलेला आणि तिथेच धावपटू म्हणून घडलेला हा मुलगा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दोन केनियन धावपटूंच्या मधोमध घुसून त्याने रौप्यपदक मिळवलं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ नोंदवली. मोनॅकोच्या त्या पडण्यात त्याच्या गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट तुटलं, हाडांमधली गादीही फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली.

ही बातमी मराठवाड्यात हळहळत वाचली गेली. पण अगदी हीच दुखापत, हेच लिगामेंट आणि हीच गादी, आपल्याकडे कबड्डीच्या मैदानांवर, भरतीच्या सरावात, जत्रेच्या फडात सतत तुटत-फाटत असते. तिची बातमी होत नाही. देशाच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूला दुखापत झाली की काही दिवसांत नेमकं काय तुटलं ते कळतं आणि पुढचे नऊ-दहा महिने कसे जाणार याचा आराखडा त्याच्या हातात पडतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात गुडघा मुरगळला, तर त्याला नाव मिळायलाच वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. तोवर वाचवण्यासारखं जे असतं त्यातलं बरंच हातातून गेलेलं असतं. क्रीडा-दुखापतींचा आणि सांधा राखण्याचा सर्जन म्हणजे काय काम करतो, हे समजून घ्यायचं तर मोठ्या शहरातल्या चकचकीत ऑपरेशन थिएटरपेक्षा या वाया जाणाऱ्या वर्षाकडे आधी पाहावं लागतं.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 ला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके, हळदीचा मोठा बाजार, बाकी सगळी शेती. कारखाने फारसे नाहीत, म्हणून पोरांची नजर वर्दीकडे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच आहे, त्यामुळे वर्दीतला माणूस इथे रोज दिसतो. पहाटे पाचला औंढ्याकडे, कळमनुरीकडे, सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने मुलं-मुली पळत असतात. पोलीस शिपाई पदासाठी मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. राखीव दलासाठी पाच किलोमीटर. या सगळ्याला मिळून एकच शब्द, ‘ग्राउंड’. ग्राउंड निघालं की अर्धी लढाई जिंकली. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून वर्षभर निवांत आणि जाहिरात आली की दिवसातून दोनदा पळणं, तेही डांबरावर, झिजलेल्या बुटांत. नडगी दुखायला लागते, ती दाबून पळत राहायचं, मग एक दिवस हाडाला बारीक तडा गेलेला सापडतो. हे दुखणं तरी विश्रांतीने भरून येतं. गुडघ्याच्या लिगामेंटचं तसं नाही.

संध्याकाळी कबड्डी असते. मॅट शाळा-कॉलेजांच्या स्पर्धेत, एरवी मुरूम टाकलेलं मैदान किंवा काढणी झालेलं शेत. कयाधूच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात पाय टिकू देत नाही. सोयाबीन निघालं की धसकटं राहतात, त्यातच रेषा आखल्या जातात. चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जातो, तिथून मध्यरेषेकडे झटक्यात वळतो. पाऊल जमिनीत रुतलेलं, घोटा कोपऱ्यातल्या गड्याच्या हातात आणि धड मात्र वळलेलं. त्या क्षणी गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज येतो. खेळाडूला तो ऐकू येतो, कधी शेजारच्यालाही. खो-खोत खांबाला वळसा घालताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना तर समोरच्याने स्पर्शही केलेला नसतो. पुढचं लिगामेंट तुटण्याच्या घटनांपैकी बऱ्याचशा अशाच असतात, कुणाचाही धक्का न लागता झालेल्या.

दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. सूज इतक्या लवकर आली, तर आत रक्तस्राव झाला आहे असं समजावं, आणि तरुण खेळाडूच्या गुडघ्यात असं रक्त साचलं तर बहुतेक वेळा लिगामेंट गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी. हा एवढा फरक प्रत्येक क्रीडाशिक्षकाला, प्रत्येक अकॅडमीच्या सरांना माहीत असता तर कितीतरी गुडघे वाचले असते.

होतं ते असं. घरचे म्हणतात, लचक भरली. हळद-मिठाचा लेप लागतो. हळद या जिल्ह्याला कमी नाही, आणि लेपाने काही बिघडतही नाही. बिघडतं ते चोळण्याने. हाडवैद्याकडे नेऊन फुगलेला गुडघा दाबून, ओढून, वाकवून ‘बसवला’ जातो. ज्यांना मन मानत नाही ते दवाखान्यात जातात, एक्स-रे निघतो, हाड नीट असतं. लिगामेंट आणि गादी एक्स-रेत दिसत नाहीत. ‘हाडाला काही नाही’ हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत ‘काही नाही’ एवढंच उरतं. तीन आठवड्यांत सूज उतरते. मुलगा चालतो, मग सरळ रेषेत पळतोही. खरी फसगत इथे आहे. सरळ पळायला ते लिगामेंट फारसं लागत नाही. वळायला, थांबायला, उडी मारून उतरायला लागतं. पुन्हा मैदानात उतरला की गुडघा निसटतो. गुडघ्याला पट्टा बांधून तो पुन्हा खेळतो, पुन्हा निसटतो. आणि दर निसटण्यागणिक आतली गादी रगडली जाते, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर खरवडलं जातं. लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटलं होतं. गादी आणि अस्तर नंतर गेलं, आणि ते जाणं टाळता आलं असतं.

खेळाडूच्या गुडघ्याचा चांगला सर्जन एमआरआयच्या आधी प्रश्न विचारतो. आवाज आला का? सूज किती वेळाने आली? त्याच दिवशी पुन्हा उभा राहून खेळलास का? जिना उतरताना भरवसा वाटतो का? निसटतो की अडकतो? निसटणारा गुडघा लिगामेंटकडे बोट दाखवतो, अडकणारा गुडघा फाटलेल्या गादीकडे. मग तो मुलाला उताणं झोपवतो आणि गुडघा वीस-तीस अंशांत वाकवतो. एक हात मांडीवर घट्ट ठेवून दुसऱ्या हाताने नडगीचं हाड वरच्या बाजूला उचलून ओढतो. लिगामेंट शाबूत असेल तर हाड किंचित सरकतं आणि दोर ताणल्यासारखं जागच्या जागी थांबतं. तुटलेलं असेल तर ते थांबणं हाताला लागतच नाही, हाड मऊपणे पुढे येत राहतं. म्हणून दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याची तपासणी आधी करायची, म्हणजे हाताला फरक कळतो. या तपासणीला फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांचं नाव आहे. त्यांचे विद्यार्थी जोसेफ टॉर्ग यांनी ती 1976 मध्ये प्रसिद्ध केली. दोन हात आणि एक टेबल, याहून तिला काही लागत नाही. अर्धा मिनिट पुरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ती शिकवता येते, आणि माझ्या मते शिकवलीच पाहिजे. फक्त ताजी सूज आणि वेदना असताना स्नायू आवळलेले असतात, तेव्हा ती फसवू शकते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. ‘दहा दिवसांनी परत ये’ हे सांगणं आणि त्याने परत येणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

गादीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सांधा राखण्याचं सगळं शास्त्र तिच्याभोवती उभं राहिलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. पडणारा भार त्या पसरवतात. कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत अस्तराला, इजा झाली तर ती भरून येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फाटलेली गादी सरसकट काढून टाकत. गुडघा उघडायचा, अख्खी चकती काढायची आणि टाके घालायचे. खेळाडू काही महिन्यांत मैदानावर परतायचा आणि सगळे खूश. 1948 मध्ये फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने अशा गुडघ्यांचे नंतरचे एक्स-रे मांडून दाखवले, तेव्हा हाडांमधलं अंतर कमी झालेलं, कडेला हाड वाढलेलं, टोक चपटं झालेलं दिसलं. गादी काढलेला गुडघा लवकर म्हातारा होत होता. हे पटायला जगाला आणखी दोन-तीन दशकं लागली.

दरम्यान टोकियोत एक वेगळंच काम चाललं होतं. केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी महायुद्धानंतर नमुन्यावर नमुने बनवत दुर्बीण सुधारत नेली. एकविसाव्या क्रमांकाच्या नमुन्याने काम साधलं. 4 मे 1962 ला त्यांनी दुर्बिणीतून पाहत गादीचा फक्त फाटका तुकडा काढला. रुग्ण होता बास्केटबॉल खेळताना गुडघा दुखावलेला सतरा वर्षांचा मुलगा. त्यानंतर कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत येऊन वातानाबेंकडून ही विद्या शिकले आणि तिकडून ती जगभर गेली. 1982 मध्ये अर्नोझ्की आणि वॉरन यांनी दाखवलं की गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणजे कडेला फाटलेली गादी शिवली तर जुळू शकते. आता सर्जनपुढे खरा प्रश्न उभा राहिला, कापायची की शिवायची?

कापणं सोपं. काही मिनिटांचं काम, रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतो, खर्च कमी, कौतुक जास्त. शिवायला वेळ लागतो, टाक्यांचं साहित्य महाग असतं, पुढे चार-सहा आठवडे कुबड्या घ्याव्या लागतात, आणि इतकं करूनही काही टाके टिकत नाहीत, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. पहिल्या वर्षी कापलेला गुडघा शिवलेल्यापेक्षा बरा वाटतो. पंधराव्या वर्षी चित्र उलटं असतं. पण पंधराव्या वर्षी तो रुग्ण त्या सर्जनकडे येईलच असं नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची गादी शिवण्यासाठी जो सर्जन तासभर जास्त उभा राहतो, त्याचं ते काम कुणालाच दिसत नाही, आणि या क्षेत्रातली खरी गुणवत्ता मला तिथेच दिसते. वेळेचाही हिशेब इथेच लागतो. ताजी फाट शिवता येते. वर्षभर निसटत राहिलेल्या गुडघ्यातली गादी चिंध्या होऊन हाती येते, तिला टाका घालायला जागाच उरत नाही.

लिगामेंट नव्याने बसवण्याचं ऑपरेशनही दुर्बिणीचंच. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभरही नसलेली दोन छिद्रं. एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं, आणि सतत वाहणारं सलाईन. पडद्यावर पांढरंशुभ्र अस्तर चकाकतं. मधोमध जिथे ताणलेला पट्टा दिसायला हवा, तिथे सुंभाचे पीळ सुटावेत तशा तुटक्या दशा पाण्यात हलत असतात. मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाली छोटा छेद घेऊन मांडीच्या मागच्या स्नायूंचे एक-दोन लांब कंडरे काढले जातात. बाजूच्या टेबलावर ते स्वच्छ करायचे, चिकटलेला स्नायू खरवडायचा, घड्या घालायच्या, टोकं दोऱ्याने विणायची आणि मोजपट्टीच्या छिद्रांतून ओढून जाडी बघायची. आठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली की सर्जनचा जीव भांड्यात पडतो. नडगीच्या आणि मांडीच्या हाडात तेवढ्याच मापाचे बोगदे पाडून हा नवा दोर जुन्या लिगामेंटच्या जागी ओढून घेतात आणि बटण किंवा स्क्रूने पक्का करतात. बोगद्याचं तोंड चार-पाच मिलिमीटर चुकलं तरी दोर चुकीच्या कोनात बसतो. सगळी हातोटी त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये असते.

ऑपरेशन तास-दीड तासाचं. त्यानंतरचे नऊ महिने कुणी पाहत नाही.

बसवलेला कंडरा जिवंत लिगामेंट होईपर्यंत आतून बदलत असतो, आणि त्या बदलात सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो उलट कमजोर होतो. नेमकी तेव्हाच सूज गेलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि मुलाला वाटतं, झालो बरा. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका एकत्रित अभ्यासाने 2016 मध्ये दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटत गेला. मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली नाही, तर कॅलेंडरचाही उपयोग नाही. एका पायावर लंगडी घालत जास्तीत जास्त लांब जायचं, मग दुसऱ्या पायावर. दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरलं पाहिजे. लंगडी तर आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या अंगणात खेळतात, ही परीक्षा घ्यायला कुठलंही यंत्र लागत नाही.

पण नऊ महिने हे भरतीच्या मुलाला कसे सांगायचे? खुल्या प्रवर्गाला पोलीस शिपायाची वयोमर्यादा 28 वर्षांची. चार महिन्यांनी ग्राउंड आहे, वडिलांनी ऑपरेशनला उसने पैसे काढलेत, आणि डॉक्टर म्हणतात थांब. सर्जनने इथे नुसतं ‘थांब’ म्हणून भागत नाही. सरळ पळणं कधी, गोळा कधी, वळणं कधी, याचा महिन्यावार कागद त्याच्या हातात द्यावा लागतो, त्याच्या वडिलांना समोर बसवून समजवावं लागतं. ऋषभ पंतचं उदाहरण मुलांना पटकन कळतं. 30 डिसेंबर 2022 ला मोटार अपघात झाला, जानेवारीत मुंबईच्या कोकिलाबेन अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या पथकाने गुडघ्याच्या लिगामेंट्सची शस्त्रक्रिया केली, आणि तो सामन्यात उतरला मार्च 2024 मध्ये. जगातली सगळी साधनं हाताशी असून चौदा-पंधरा महिने. विनेश फोगाटचा गुडघा 2016 ला रिओच्या आखाड्यातच गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. 2018 मध्ये तिने राष्ट्रकुल आणि आशियाई दोन्ही सुवर्णं जिंकली. ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. त्याआधीच्या पिढीच्या नशिबी हे नव्हतं. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या गुडघ्याला नंतर गंभीर दुखापत झाली आणि त्यांची ऑलिंपिकची वाट तिथेच संपली. वातानाबेंनी दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढला तो हेलसिंकीनंतर दहा वर्षांनी.

मुलींबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकण्याची सवय, कुल्ह्याच्या स्नायूंची कमी ताकद, शरीराची ठेवण अशा अनेक कारणांनी त्याच खेळात मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त तुटतं. भरतीसाठी पळणाऱ्या आणि खो-खो-कबड्डी खेळणाऱ्या मुली मराठवाड्यात झपाट्याने वाढल्या. मुलीचा गुडघा मात्र जास्त काळ लपवला जातो, कारण ऑपरेशनची खूण आणि ‘पायात दोष आहे’ हा बोभाटा सोयरिकीच्या आड येईल अशी भीती घरात असते. या भीतीपायी एखाद्या विशीतल्या मुलीला चाळिशीत जिना चढता येऊ नये, हे मला फार अन्यायाचं वाटतं. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1892 फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. व्यायाम काय, तर एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून गुडघा बोटांच्या रेषेत ठेवत मऊ उतरणं. आपल्या अकॅडमीत वॉर्मअप म्हणजे दोन चकरा आणि हात-पाय झटकणं.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही, आणि हे सांगणारा सर्जन मिळणं नशिबाचं. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. लिगामेंट तुटलेल्या निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी नुसता व्यायाम आणि गरज वाटलीच तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती आणि व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. दुकान सांभाळणाऱ्या, सरळ चालणाऱ्या माणसाला व्यायाम पुरू शकतो. कबड्डीची चढाई करायची असेल तर बहुधा पुरत नाही. पस्तिशीनंतर झिजून फाटलेल्या गादीचं तर आणखी वेगळं. फिनलंडमध्ये 146 जणांपैकी काहींची गादी खरोखर छाटली, काहींना फक्त छेद देऊन ऑपरेशनचा देखावा केला. 2013 मध्ये निष्कर्ष आले, दोघांना सारखाच आराम. गुडघेदुखीवर विकल्या जाणाऱ्या प्लेटलेटच्या इंजेक्शनांची ऑस्ट्रेलियात 288 जणांवर तपासणी झाली, 2021 मध्ये निकाल आला की ती सलाईनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाहीत. आणि तरुणांनाही खरं सांगायला हवं की लिगामेंट नीट बसवलं म्हणजे संधिवात टळला असं नाही. लिगामेंट किंवा गादी फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांत दहा-वीस वर्षांनी सांध्याची झीज आणि दुखणं आढळतं. ऑपरेशनने गुडघ्याला स्थैर्य येतं. पुढचं आयुष्य वजन, मांडीचे स्नायू आणि गादी किती उरली यावर.

सांधा राखण्याचं काम खेळाडूंपुरतं नाही. हळदीच्या काढणीला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्या बाया, खांद्यावर पंप घेऊन फवारणी करणारे पुरुष, यांचे गुडघे पन्नाशीतच आतल्या बाजूने झिजतात आणि पायाला बाक येतो. गुडघा बदलणं हा उपाय आहे आणि चांगला आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हापासून तो आवाक्यातही आला. पण पंचेचाळिशीतल्या शेतकऱ्याला खाली बसायचं असतं, बांधावरून उतरायचं असतं. झीज एकाच बाजूला असेल तर नडगीचं हाड वरच्या टोकाशी कापून, कोन बदलून, पट्टी लावून भार चांगल्या बाजूवर ढकलता येतो. स्वतःचा सांधा पुढची काही वर्षं, कधी दहा-पंधराही, टिकतो. ही शस्त्रक्रिया 1960 च्या दशकापासून रूढ आहे आणि तरी रुग्णापर्यंत तिचं नाव क्वचित पोहोचतं. तिच्यासाठी उभ्याने काढलेला एक्स-रे लागतो, कारण झोपवून काढलेल्यात झीज लपते. एक्स-रे उभ्याने काढायला सांगा, एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं.

खुब्याचा गोळा सुकणं हे तरुणांमधलं दुसरं मोठं संकट. रक्तपुरवठा तुटून गोळ्याचं हाड मरतं, दुखणं जांघेत किंवा कधी नुसतं गुडघ्यात जाणवतं, म्हणून गुडघ्याचेच फोटो निघत राहतात. दारू आणि स्टिरॉइड ही त्याची दोन मोठी कारणं. ताकद येते म्हणून कुठल्याशा पुड्या नि इंजेक्शनं घेणाऱ्या मुलांनी हे वाचावं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला यांनी हाडांच्या ठिसूळपणावरचं अलेंड्रोनेट हे औषध अशा रुग्णांना देऊन आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, 395 खुब्यांचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध केले आणि गोळा कोसळणं लांबवता येतं असं मांडलं. इतरांच्या पुढच्या चाचण्यांचे निकाल सगळे एकसारखे आले नाहीत, पण गोळा कोसळायच्या आत एमआरआय व्हायला हवा यावर कुणाचं दुमत नाही. करोनानंतर स्टिरॉइड घेतलेल्या तरुणांत हे दुखणं दिसू लागल्याचं 2021 मध्ये जगाला सांगणाऱ्यांतही हेच डॉक्टर होते.

हिंगोलीतून गुडघ्याचा रुग्ण आजवर नांदेड गाठत आलाय, नाहीतर छत्रपती संभाजीनगर, पुणे. ऑपरेशनसाठी एकदा जाणं जमतं. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा नांदेड जमत नाही. रोजगार बुडतो, सोबतीला माणूस लागतं. म्हणून ऑपरेशन उत्तम होऊनही मांडी सुकते, गुडघा पूर्ण सरळ होत नाही, आणि दोष सर्जनला लागतो. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं आहे. शंभर जागा. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून 2030 च्या आसपास बाहेर पडेल. तिच्यातल्या प्रत्येकाच्या हाताला लॅकमनची तपासणी पक्की बसवणं अवघड नाही. त्याहून आधी, आत्ताच करण्यासारखी गोष्ट म्हणजे आठवड्यातला एक ठरलेला दिवस फक्त मैदानावरच्या दुखापतींसाठी. गुडघा फुगल्यापासून दहा दिवसांच्या आत कुणीही यावं, चिठ्ठी लागू नये. शेजारच्या खोलीत एक फिजिओथेरपिस्ट, एक खुर्ची, वजनं, पायऱ्या आणि लंगडीचं अंतर मोजायला जमिनीवर आखलेली टेप. भरतीची जाहिरात निघाली की त्या खोलीतून कुणीतरी अकॅडमीच्या मैदानावर जावं, वीस मिनिटांचा व्यायाम स्वतः करून दाखवावा आणि सरांना दोन गोष्टी लिहून द्याव्यात: आवाज आला आणि त्याच संध्याकाळी सूज आली तर चोळू नका, पळवू नका, बर्फ लावा, पट्टा बांधून पाय उशीवर उंच ठेवा. आणि त्याला आमच्याकडे पाठवा.